गाणे कोणाचे? : बँडच्या गाण्यांचा चित्रपटातील प्रवास आणि भाषेचा प्रयोगसंदर्भ

६.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील :

• गाण्यातील ‘मी’, ‘तू’, ‘आपण’ यांसारख्या निर्देशक शब्दांचा अर्थ प्रयोगसंदर्भानुसार कसा बदलतो, हे सांगता येईल.
• उच्चारक, रचनाकार आणि उत्तरदायी या बोलणाऱ्याच्या तीन भूमिका ओळखता येतील.
• रंगमंचावरील गाणे चित्रपटात गेल्यावर त्याच्या अर्थात आणि श्रेयात होणारा बदल उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
• आपल्या परिसरातील एखाद्या गाण्याचे या दृष्टीने विश्लेषण करता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण वाक्याचा अर्थ आणि उक्तीचा अर्थ यांतील भेद पाहिला. ‘उद्या येतो’ हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने पूर्ण आहे. परंतु ते कोणी, कोणाला, केव्हा म्हटले हे कळल्याशिवाय त्याचा व्यवहारातील अर्थ निश्चित होत नाही. सावकाराच्या दारात उभा असलेला शेतकरी ते म्हणतो तेव्हा ते आश्वासन असते. मुलाला शाळेत सोडणारा बाप म्हणतो तेव्हा ते धीर देणे असते. या घटकात हाच विचार आपण गाण्याला लावून पाहणार आहोत.

त्यासाठी आपण रॉक बँडच्या गाण्यांचा चित्रपटातील वापर हा विषय निवडला आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या विद्यार्थ्याला तो कदाचित दूरचा वाटेल. प्रत्यक्षात गाणे एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात जाणे ही घटना आपल्या परिसरात नित्य घडते. दिवाळीनंतर धानाची कापणी आटोपली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. देसाईगंज म्हणजे वडसा येथील नाट्यमंडळ्या गावोगाव रात्रभर प्रयोग करतात. त्या प्रयोगांत नाटकासाठी रचलेली पदे असतात, लावणी असते आणि हिंदी-मराठी चित्रपटगीतांवरची नृत्येही असतात. चित्रपटातले गाणे तेथे रंगमंचावर येते. बँडच्या बाबतीत प्रवासाची दिशा उलट आहे. रंगमंचावरचे गाणे चित्रपटात जाते. दोन्ही प्रवासांत विचारावयाचा प्रश्न मात्र एकच आहे : आता हे गाणे कोण म्हणत आहे?

६.३ विषय-विवेचन

६.३.१ ‘बँड’ म्हणजे काय?

मराठीत ‘बँड’ हा शब्द प्रथम वरातीतील वाजंत्री मंडळींसाठी रूढ झाला. गणेशोत्सवात किंवा शारदोत्सवात होणाऱ्या गाण्यांच्या कार्यक्रमाला आपण ‘ऑर्केस्ट्रा’ म्हणतो. रॉक बँड या दोहोंपेक्षा वेगळा असतो. ऑर्केस्ट्रा इतरांची लोकप्रिय गाणी सादर करतो. रॉक बँड मुख्यतः स्वतःची गाणी सादर करतो. विद्युत गिटार, बास गिटार, ड्रम यांसारखी वाद्ये वाजवणारे चार-पाच जण स्वतःच चाल बांधतात, पुष्कळदा शब्दही स्वतःच लिहितात आणि श्रोत्यांसमोर स्वतःच गातात.

हा भेद भाषाभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ऑर्केस्ट्रातील गायक एखाद्या विरहगीतात ‘मी’ म्हणतो, तेव्हा तो ‘मी’ त्याचा स्वतःचा नाही हे श्रोत्यांना ठाऊक असते. बँडमधील गायक ‘मी’ म्हणतो तेव्हा श्रोते तो ‘मी’ त्याचाच, निदान त्याच्या गटाचा, समजतात. गाणे चित्रपटात जाते तेव्हा नेमके हेच नाते तुटते.

६.३.२ निर्देशक शब्द

‘झाड’, ‘नदी’, ‘भात’ या शब्दांचा अर्थ बोलणारा बदलला तरी बदलत नाही. ‘मी’, ‘तू’, ‘हा’, ‘इथे’, ‘आता’, ‘उद्या’ हे शब्द तसे नाहीत. ते बोलणाऱ्याकडे, ऐकणाऱ्याकडे, उच्चाराच्या स्थळाकडे किंवा काळाकडे बोट दाखवतात. म्हणून त्यांना निर्देशक शब्द म्हणतात. बोट दाखवणारा हात हलला की दाखवलेली वस्तूही बदलते.

संबोधनाचाही यातच समावेश होतो. ‘मनाचे श्लोक’ या रचनेत समर्थ रामदास मनाला हाक मारतात. पठण करणारा प्रत्येक जण मात्र ती हाक स्वतःच्याच मनाला मारत असतो. रचना एकाची आणि ‘मन’ हजारोंचे, अशी ही योजना आहे. भक्तिगीतांचे सामर्थ्य पुष्कळ अंशी या खुल्या निर्देशकांत असते.

६.३.३ बोलणाऱ्याच्या तीन भूमिका

‘बोलणारा’ हा एकच माणूस असतो असे आपण गृहीत धरतो. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फॉर्म्स ऑफ टॉक’ या ग्रंथात दाखवले की, या एका शब्दाखाली किमान तीन भूमिका दडलेल्या असतात. आपण त्यांना पुढील नावे देऊ.

उच्चारक : ज्याच्या मुखातून शब्द बाहेर पडतात तो.
रचनाकार : ज्याने ते शब्द निवडले आणि जुळवले तो.
उत्तरदायी : ज्याची भूमिका त्या शब्दांतून मांडली जाते आणि ज्याला त्या शब्दांचा जाब विचारता येतो तो.

ग्रामसभेत ग्रामसेवक जिल्हाधिकाऱ्यांचे पत्र वाचून दाखवतो. तेथे उच्चारक ग्रामसेवक असतो. पत्राचा मसुदा एखाद्या लिपिकाने केलेला असतो, म्हणून रचनाकार तो. उत्तरदायी मात्र स्वाक्षरी करणारा अधिकारी. पत्रातील मजकुरावर रागावून कोणी ग्रामसेवकाच्याच अंगावर धावून गेला, तर त्याने उच्चारक आणि उत्तरदायी यांची गल्लत केली असे म्हणावे लागेल.

आता हीच विभागणी गाण्याला लावू. चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूरचे उदाहरण घ्या. १९४२ च्या ऑगस्टमध्ये तेथे इंग्रजी सत्तेविरुद्ध उठाव झाला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांनी या परिसरातील लोकांमध्ये चेतना निर्माण केली होती. महाराजांना अटक झाली आणि त्यांना नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवण्यात आले. भजन रचणारे, गाणारे आणि त्यातील आशयाची जबाबदारी स्वतःवर घेणारे ते एकच होते. येथे तिन्ही भूमिका एका व्यक्तीत एकवटल्या होत्या. भजन हे निव्वळ मनोरंजन नाही, ती एक कृती आहे, हे लोकांना कळले होते आणि राज्यकर्त्यांनाही.

झाडीपट्टीच्या नाटकात या भूमिका विलग होतात. पद नाटककाराने किंवा पदकर्त्याने लिहिलेले असते. नट ते स्वतःच्या गळ्याने गातो. त्यातील व्यथा मात्र पात्राची असते. तरीही गाणारा देह आणि दिसणारा देह एकच असतो, त्यामुळे दाद नटाला मिळते. गडचिरोली जिल्ह्यातील ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. या रंगभूमीवर कलावंत आणि प्रेक्षक यांच्यातील ओळख किती प्रत्यक्ष असते, हे त्यांचे प्रयोग पाहिलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

हिंदी-मराठी चित्रपटात विभागणी आणखी पुढे जाते. गीतकार एक, संगीतकार दुसरा, पार्श्वगायक तिसरा आणि पडद्यावर ओठ हलवणारा नट चौथा. उत्तरदायी असते ते पात्र, आणि ते तर काल्पनिक!

६.३.४ रॉक संगीत आणि चित्रपट : थोडी पार्श्वभूमी

बँडचे गाणे चित्रपटात घेण्याची प्रथा रॉक संगीताइतकीच जुनी आहे. बिल हेली आणि त्यांच्या ‘कॉमेट्स’ या चमूने १९५४ मध्ये ‘रॉक अराउंड द क्लॉक’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. १९५५ मध्ये ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ या अमेरिकन चित्रपटाच्या प्रारंभी ते वापरण्यात आले. चित्रपट शाळेतील बंडखोर मुलांविषयीचा होता. मूळ गाणे रात्रभर नाचण्याविषयीचे साधे गाणे होते; चित्रपटाने त्याला एका पिढीच्या बंडाचा आवाज केले. शब्द तेच राहिले, ते कोणाच्या वतीने उच्चारले जात आहेत हे बदलले.

दुसरे उदाहरण जंगलाशी संबंधित आहे. ‘द डोअर्स’ या बँडचे ‘द एंड’ हे गाणे १९६७ मधले. त्याचा मूळ भाव निरोपाचा. फ्रान्सिस फोर्ड कपोला यांनी १९७९ मधील ‘अपोकॅलिप्स नाऊ’ या व्हिएतनाम युद्धावरील चित्रपटाची सुरुवात या गाण्याने केली. पडद्यावर हिरवे अरण्य दिसते आणि पाहता पाहता ते पेटते. प्रेमी जनांचा निरोप आता एका अरण्याचा, एका देशाचा आणि एका सैनिकाच्या शहाणपणाचा निरोप होतो. गाण्यात ‘हा शेवट’ असे म्हटले की ‘हा’ म्हणजे कोणता, हे आता दृश्य ठरवते.

येथे एक नियम हाती येतो. निर्देशक शब्दांनी मोकळी ठेवलेली जागा रंगमंचावर गायकाचे व्यक्तित्व भरते. चित्रपटात ती जागा दृश्य भरते.

६.३.५ तीन गाणी, तीन निर्देशक

भारतीय उदाहरणासाठी ‘इंडियन ओशन’ या बँडकडे वळू. १९९० मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या या बँडने रॉक, शास्त्रीय संगीत आणि लोकसंगीत यांचा मेळ घातला. बँडमधील बास गिटारवादक व गायक राहुल राम हे नर्मदा बचाव आंदोलनात सहभागी होते. नर्मदाखोऱ्यात गायिले जाणारे ‘मा रेवा’ हे पारंपरिक गीत या बँडच्या २००० मधील ‘कंदिसा’ या संग्रहात आहे. म्हणजे या बँडची काही गाणी चित्रपटात जाण्यापूर्वीच एक प्रवास करून आली होती, लोकांकडून बँडकडे. पुढील तीन गाणी मात्र चित्रपटांशी निगडित आहेत. प्रत्येकाच्या शीर्षकातच एक निर्देशक आहे.

पहिले गाणे ‘बंदे’. अनुराग कश्यप यांच्या ‘ब्लॅक फ्रायडे’ या चित्रपटासाठी ते तयार झाले. शब्द पियूष मिश्रा यांचे. १९९३ मध्ये मुंबईत झालेल्या बॉम्बस्फोटांवर हा चित्रपट आधारलेला आहे. चित्रपट २००४ मध्ये तयार होता. परंतु खटल्याचा निकाल प्रलंबित असल्याने मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे त्याचे प्रदर्शन रोखले गेले आणि तो २००७ मध्ये चित्रपटगृहांत आला. गाणे मात्र त्याआधीच ध्वनिमुद्रिकेतून व बँडच्या मैफलींतून श्रोत्यांपर्यंत गेले होते. त्यामुळे एकाच गाण्याचे दोन प्रयोगसंदर्भ निर्माण झाले. ‘बंदे’ हे संबोधन आहे, निर्गुणी भजनपरंपरेत माणसाला मारलेली हाक. मैफलीत ती हाक समोर बसलेल्या श्रोत्याला होती. चित्रपटात ती कोणाला आहे? स्फोट घडवणाऱ्यांना, सूडाच्या साखळीत अडकलेल्यांना, तपास करणाऱ्या पोलिसांना, की प्रेक्षकाला? चित्रपटाची विषयवस्तू लक्षात घेता यांपैकी प्रत्येक उत्तर संभवते. पडद्यावर कोणतेही पात्र ते गात नाही. उच्चारक ऐकू येतो, पण दिसत नाही. दिसत नसल्यामुळेच तो आवाज कोणा एका पक्षाचा राहत नाही.

दुसरे गाणे ‘देस मेरा’. ते २०१० मधील ‘पीपली लाइव्ह’ या चित्रपटात आहे. दिग्दर्शिका अनुषा रिझवी. कर्जामुळे जमीन गमावण्याची वेळ आलेला नत्था नावाचा शेतकरी आत्महत्येचा विचार करतो, कारण मेल्यावर सरकारकडून पैसे मिळतात असे त्याला कळते. आणि मग वृत्तवाहिन्या त्याच्या दारात ठाण मांडतात. विदर्भातील वाचकाला या कथेची पार्श्वभूमी समजावून सांगण्याची गरज नाही. येथे निर्देशक आहे ‘मेरा’. शहरातील मैफलीत ‘मेरा’ म्हणजे गाणाऱ्याचा आणि त्याच्यासोबत गुणगुणणाऱ्या श्रोत्यांचा. या चित्रपटाच्या संदर्भात नत्थासारख्या माणसाला देश ‘माझा’ म्हणण्याचा अधिकार उरला आहे का, असा प्रश्न त्याच शब्दातून उभा राहतो. अभिमानाचा शब्द उपरोधाचा होतो. शब्दकोशातला अर्थ बदललेला नाही. शब्दाभोवतीची माणसे बदलली आहेत.

तिसरे गाणे ‘जिंदगी से डरते हो’. हेही ‘पीपली लाइव्ह’ मधलेच. मूळ ही उर्दूतील आधुनिक कवी न. म. राशिद यांची नज्म. कागदावर असताना तिच्यातील ‘तुम’ म्हणजे एकान्तात वाचणारा वाचक होता. बँडने ती गायिली तेव्हा ‘तुम’ म्हणजे श्रोतृसमुदाय झाला. चित्रपटात आल्यावर तोच प्रश्न जगण्याला घाबरलेल्या शेतकऱ्याकडे वळतो, आणि त्याच्याभोवती जमलेल्या गर्दीकडेही. एका द्वितीयपुरुषी सर्वनामाने तीन मुक्काम केले.

६.३.६ ‘हम’, ‘आम्ही’ आणि ‘आपण’

झाडीपट्टीतील एखाद्या मंडळीला असे हिंदी गाणे मराठीत आणून नाटकात घ्यायचे आहे, अशी कल्पना करू. पहिलीच अडचण ‘हम’ या शब्दापाशी येईल.

हिंदीतील ‘हम’ मध्ये ऐकणारा समाविष्ट आहे की नाही, हे त्या शब्दावरून कळत नाही. मराठीत दोन रूपे आहेत. ‘आम्ही’ मध्ये ऐकणारा वगळलेला असतो. ‘आपण’ मध्ये तो सामील असतो. ‘आम्ही बाजाराला चाललो’ म्हटले तर ऐकणारा घरी राहतो. ‘आपण बाजाराला जाऊ’ म्हटले तर त्याने पिशवी उचलायची असते. पहिल्या रूपाला वर्जक आणि दुसऱ्याला समावेशक प्रथमपुरुषी अनेकवचन म्हणतात. (‘आपण’ चा आदरार्थी द्वितीयपुरुषी उपयोग आणि ‘स्वतः’ या अर्थाचा उपयोग येथे अभिप्रेत नाही.) तेलुगूतही ‘मेमु’ आणि ‘मनमु’ असा हाच भेद आहे. सिरोंचा परिसरातील तेलुगू बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना तो सहज जाणवेल. हा भेद द्राविड भाषांचे एक वैशिष्ट्य मानला जातो आणि मराठीत तो त्या भाषांच्या दीर्घ संपर्कातून दृढ झाला असावा, असे अनेक भाषाभ्यासकांचे मत आहे. नागपूरकडच्या हिंदीत ‘अपन चलते हैं’ असे म्हणतात, त्यातही समावेशकतेची हीच गरज दिसते.

आता रूपांतरकाराची जबाबदारी पाहा. शेतकऱ्याच्या दुःखाच्या गाण्यात ‘हम’ चे ‘आम्ही’ केले, तर पात्र प्रेक्षकांपुढे आपली कैफियत मांडते; प्रेक्षक साक्षीदार होतो. ‘आपण’ केले, तर धानाच्या बांधावरून उठून नाटकाला आलेला प्रेक्षक त्या दुःखात भागीदार होतो. पहिल्या रूपात दाद आहे, दुसऱ्यात हाक आहे. हिंदी गाण्याने संदिग्ध ठेवलेला निर्णय मराठीत घ्यावाच लागतो. अनुवादात काय गमावले जाते याची चर्चा आपण नेहमी ऐकतो. येथे मराठीचे व्याकरण मुळात नसलेली एक स्पष्टता मागते, आणि रूपांतरकाराला आपली बाजू ठरवावी लागते.

६.३.७ चाल राहते, शब्द बदलतात

गाण्याच्या प्रवासाचा आणखी एक प्रकार आहे. त्यात चाल टिकते आणि शब्द नवे येतात. कोलकात्याच्या ‘मोहीनेर घोडागुलि’ या बँडचे ‘पृथिबीटा नाकि’ हे बंगाली गाणे १९९५ च्या सुमारास संग्रहातून आले. दूरचित्रवाणीमुळे जग लहान होत चालले असताना माणसे एकमेकांपासून दुरावतात, हा त्याचा विषय. २००६ मध्ये ‘गँगस्टर’ या हिंदी चित्रपटात प्रीतम यांच्या संगीतात त्याच चालीवर ‘भीगी भीगी’ हे गाणे आले. बांगलादेशाचे रॉक गायक जेम्स यांनी ते गायिले. सामाजिक एकाकीपणाच्या जागी प्रेमातील विरह आला. चालीतील उदासी दोन्हींत समान आहे. ती कशाविषयी आहे हे शब्दांनी ठरवले.

ही रीत आपल्याला नवी नाही. भजनांच्या आणि प्रचारगीतांच्या छोट्या पुस्तिकांत गाण्याच्या वर ‘चाल :’ असे लिहून एखाद्या प्रसिद्ध चित्रपटगीताचे नाव छापलेले असते. अक्षरओळख नसलेल्यालाही ती चाल पाठ असते, म्हणून नवे शब्द लवकर रुजतात. या पद्धतीत एक प्रामाणिकपणा आहे, तो ध्यानात घ्यावा : चाल कोठून घेतली, हे गाण्याच्या माथ्यावरच लिहिलेले असते.

६.३.८ श्रेय आणि जबाबदारी

आतापर्यंतचे विवेचन केवळ अर्थापुरते नाही. ‘कोण बोलत आहे?’ या प्रश्नाचे उत्तर चुकले की दोन प्रकारचे अन्याय संभवतात. रचणाऱ्याचे श्रेय हरवते, किंवा गाणाऱ्यावर नको ती जबाबदारी येते.

पहिल्यासाठी पुन्हा ‘पीपली लाइव्ह’ पाहू. या एका चित्रपटात तीन प्रकारच्या गटांची गाणी एकत्र आली. ‘इंडियन ओशन’ हा नावाजलेला बँड. ‘चोला माटी के’ हे हबीब तन्वीर यांच्या छत्तीसगडी रंगभूमीच्या परंपरेतील गाणे. ते त्यांच्या कन्या नगीन तन्वीर यांनी गायिले. आणि ‘महंगाई डायन’ हे मध्य प्रदेशातील बडवई गावच्या मंडळीने रघुवीर यादव यांच्यासह गायिलेले गाणे. ते देशभर गाजले आणि पाठोपाठ मंडळीच्या मोबदल्याचा प्रश्न वर्तमानपत्रांतून चर्चिला गेला. अशी चर्चा बँडच्या बाबतीत उद्‍भवण्याचा संभव कमी, कारण बँडजवळ नाव असते, ध्वनिमुद्रिका असते आणि करार वाचू शकणारा माणूस असतो. गावच्या मंडळीजवळ फक्त गाणे असते.

कायद्याचा आधार येथे काही प्रमाणात मिळतो. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार गीतकार व संगीतकार यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटगृहातील प्रदर्शनाखेरीज इतर वापरांतून मिळणाऱ्या स्वामित्वशुल्कातील त्यांचा वाटा सुरक्षित केला. तो निर्मात्याच्या नावे लिहून देता येत नाही. परंतु हा कायदा रचनाकाराचे नाव ठाऊक आहे असे धरून चालतो. दंडारीतील पद किंवा रेला नृत्यातील गीत पिढ्यान्‌पिढ्या अनेकांच्या तोंडून घडलेले असते. तेथे श्रेयनामावलीत ‘पारंपरिक’ एवढाच शब्द येतो. तो खोटा नसतो, अपुरा असतो. परंपरा कोणत्या गावची, कोणत्या बोलीची, कोणत्या समूहाची हे त्यातून कळत नाही. झाडीबोलीतील गाणे आणि माडियातील गाणे एकाच शब्दाखाली नाहीसे होते. म्हणून लोकगीत नोंदवणाऱ्याने गाव, बोली, प्रसंग आणि गाणाऱ्याच्या संमतीने त्याचे नाव लिहून ठेवणे, हे भाषाभ्यासकाचे पहिले कर्तव्य आहे.

दुसऱ्या अन्यायाचे उदाहरण चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या चित्रपटात आहे. २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवल्या गेलेल्या आणि पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणाऱ्या या चित्रपटात नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिरावर खटला भरला जातो. त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप असतो. ही भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली. चित्रपटातील शाहिरी संभाजी भगत यांची. मुंबईच्या वस्त्यांतून गाणाऱ्या शाहिराची परंपरा रॉक बँडच्या परंपरेहून निराळी असली तरी एक साम्य आहे : दोघेही स्वतःचे गाणे स्वतः उभे राहून गातात. म्हणूनच न्यायालय त्याला उत्तरदायी धरते. पण गाण्यातील ‘तू’ म्हणजे तो एक कामगारच होता, हे कसे ठरवायचे? खुल्या निर्देशकाला बंद करून एका माणसावर रोखले, की गाण्याचा पुरावा होतो. चिमूरच्या भजनांना राज्यकर्त्यांनी जसे वाचले, तसेच हे वाचन आहे. फरक इतकाच की तुकडोजी महाराजांनी आपल्या भजनांची जबाबदारी आपणहून पत्करली होती. कांबळेवर ती बाहेरून लादली जाते.

खुद्द झाडीपट्टीची रंगभूमीही आता चित्रपटाचा विषय झाली आहे. तृषांत इंगळे यांचा ‘झॉलीवूड’ हा चित्रपट २०२२ मध्ये प्रदर्शित झाला. आजवर चित्रपटातील गाणी आपल्या रंगमंचावर येत होती. आता आपला रंगमंच पडद्यावर जाऊ लागला आहे. अशा वेळी आपल्या पदांचे, चालींचे आणि बोलीचे श्रेय कोणत्या नावाने लिहिले जाईल, हा प्रश्न या जिल्ह्यांतील प्रत्येक मंडळीसमोर उभा राहणार आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी लागणारी माहिती गावातच आहे. ती लिहून ठेवणारे हात हवेत.

६.४ सारांश

गाण्याचा अर्थ केवळ त्याच्या शब्दांत नसतो. ‘मी’, ‘तू’, ‘मेरा’, ‘बंदे’ यांसारखे निर्देशक प्रयोगसंदर्भातून अर्थ घेतात. बोलणाऱ्याच्या उच्चारक, रचनाकार आणि उत्तरदायी अशा तीन भूमिका असतात. बँडच्या मैफलीत त्या बहुतांशी एकत्र असतात. चित्रपटात त्या विलग होतात आणि निर्देशकांची मोकळी जागा दृश्य भरते. हिंदी ‘हम’ मराठीत आणताना ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतून निवड करावी लागते व ती निवड प्रेक्षकाचे स्थान ठरवते. भूमिकांची गल्लत झाल्यास श्रेय हरवते किंवा जबाबदारी चुकीच्या व्यक्तीवर येते. म्हणून कोणतेही गाणे अभ्यासताना ‘हे गाणे आता कोण, कोणाला, कोणत्या प्रसंगी म्हणत आहे?’ हा प्रश्न प्रथम विचारावा.

६.५ पारिभाषिक शब्द

निर्देशक शब्द : बोलणारा, ऐकणारा, स्थळ वा काळ यांच्यानुसार अर्थ बदलणारा शब्द.
प्रयोगसंदर्भ : उक्ती ज्या परिस्थितीत उच्चारली जाते ती संपूर्ण परिस्थिती.
उत्तरदायी : उक्तीतील भूमिकेची जबाबदारी ज्याच्यावर असते ती व्यक्ती वा समूह.
समावेशक व वर्जक अनेकवचन : ऐकणाऱ्याला सामील करणारे (‘आपण’) व वगळणारे (‘आम्ही’) प्रथमपुरुषी रूप.

६.६ स्वाध्याय

(अ) पुढील प्रश्नांची उत्तरे सुमारे १५० शब्दांत लिहा.
१. ऑर्केस्ट्रा आणि रॉक बँड यांच्यातील भेद ‘उत्तरदायी’ या संकल्पनेच्या आधारे स्पष्ट करा.
२. ‘बंदे’ या संबोधनाचा अर्थ मैफलीत आणि चित्रपटात कसा बदलतो?
३. श्रेयनामावलीतील ‘पारंपरिक’ हा शब्द अपुरा का आहे?

(आ) उपक्रम
१. आपल्या गावात झालेल्या नाटकातील, दंडारीतील किंवा खडीगंमतीतील एक पद निवडा. त्याचा उच्चारक, रचनाकार आणि उत्तरदायी कोण, याची नोंद करा. रचनाकाराचे नाव ठाऊक नसल्यास गावातील दोन वडीलधाऱ्यांना विचारा आणि त्यांनी दिलेली माहिती त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.
२. आपण घरी गोंडी, माडिया, तेलुगू, छत्तीसगडी किंवा बंगाली बोलत असाल, तर त्या भाषेत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांसाठी वेगळी रूपे आहेत का, हे पाच वाक्यांच्या आधारे तपासा. संपर्कसत्रात इतर विद्यार्थ्यांच्या नोंदींशी त्यांची तुलना करा.